सायकल कोण धरणार

कुरडया वाळत घातलेल्या गच्चीवर सायकल उलटी करून साखळीला तेल देऊ नये, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं. सीट आणि हँडल खाली, चाकं वर, अशी सायकल पालथी घालून मी साखळीवर तेल सोडलं आणि कसं फिरतंय बघू म्हणून पायडल गरकन फिरवलं. चाक फार छान फिरलं. तेलही फार छान उडालं. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक गाळून, तो शिजवून बायकोनं सकाळीच घातलेल्या कुरडया हातभर अंतरावर होत्या. त्यांच्यावर बारीक काळे ठिपके पडले. मग मी खिशातला रुमाल काढून ते ठिपके पुसायला गेलो. ओली कुरडई पुसली की तिचं काय होतं, हेही मला त्याच दिवशी कळलं.

बायको वर आली.

"तीळ लावल्यासारख्या दिसून राह्यल्या," ती म्हणाली.

"वरवर आहे गं. तळल्यावर कळणार न्हाई."

"मंग तुम्हालाच तळून घालते."

आणि घातल्या. त्या वर्षभरात घरात सणवार झाले, पाहुणे आले, प्रत्येक वेळी सगळ्यांच्या पानात पांढरी कुरडई आणि माझ्या पानात ठिपक्यांची. पाहुण्यांनी विचारलं की ती शांतपणे सांगायची, "त्यांची स्पेशल आहे."

तर त्या दिवसापासून घरात दोन कायदे झाले. सायकल गच्चीवर न्यायची नाही आणि सायकल उलटी करायची नाही. जे करायचं ते मागच्या अंगणात, शहाबादी फरशीवर. आता अडचण अशी की मागचं चाक हवेत असल्याशिवाय साखळीचं आणि गियरचं काहीच काम होत नाही. आमच्या लहानपणी काळ्या सायकलीला दुहेरी स्टँड असायचा. पाय मारला की मागचं चाक अधांतरी. ही माझी सायकल गियरची, डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून दम दिल्यावर घेतलेली. हिला कंपनीनं स्टँडच दिलेला नाही. वजन वाढतं म्हणे. सायकलीचं वजन वाढू नये म्हणून एवढी काळजी, आणि वर बसणारा मी.

मी हे सगळं अंगणात उभा राहून स्वतःशीच बडबडत होतो, तेव्हा मागच्या दारातून आबा म्हणाले, "मी धरतो की."

आबा म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरी ओलांडलेली. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आडत्याच्या दुकानापुढं उतरला की तो काट्यावर तोलायचा, पोती मोजायची आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे मापाडीचं काम. तेव्हा काटा म्हणजे टांगलेला मोठा तराजू. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोतं, आणि मधला काटा थांबवायचा मापाड्याच्या हातानं. आबांनी हात लावला की काटा गप्प उभा राहायचा. मोंढ्यात कुणाचं भांडण लागलं तर दोन्ही बाजूंचे लोक म्हणायचे, आबाच्या काट्यावर घ्या. ते ऐकत मी मोठा झालो. ऐकून ऐकून मला त्याचा कंटाळाही आला होता, हे आत्ताच सांगून टाकतो.

आता त्याच हाताला कंप सुटला होता. उजव्या हाताचा अंगठा बोटावर सारखा फिरत राहायचा, चिमटीत गव्हाचा दाणा चोळून बघावा तसा. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं आणि दिवसातून तीनदा घ्यायची गोळीही. आई गेल्यापासून आबा घरात बसून. वर्तमानपत्र हातात हलतं म्हणून तेही वाचणं बंद झालेलं.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. चपला काढून बाजूला ठेवल्या. काट्यापुढं चपला घालून उभं राहायचं नाही, तिथं लक्ष्मी असते, ही मोंढ्याची रीत. मग दोन्ही हातांनी सीट धरून त्यांनी सायकलचं मागचं चाक वीतभर उचललं.

"फिरव," ते म्हणाले.

मी पायडल फिरवलं. आबा चाकाचे फेरे मोजायला लागले. "लाभ. दोन. तीन. चार." मोंढ्यात मोजताना पहिल्या मापाला कधी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यांना मी काही मोजायला सांगितलं नव्हतं. पण समोर काहीतरी फिरतंय किंवा भरतंय आणि आपण मोजत नाही, हे त्यांना जमलंच नसतं. बारा फेरे झाल्यावर म्हणाले, "चाक डाव्या अंगाला लाथ मारून राह्यलं. आउट काढ त्याचा." मी वाकून बघितलं. रिम खरंच डावीकडं फेकत होती, नखाएवढी. मला ती महिनाभर दिसली नव्हती.

मग दर रविवारचा तो कार्यक्रम ठरला. मी बदनापूरच्या एका शाळेत लिपिक आहे. आठवडाभर जाणं-येणं, पहाटे मित्रांबरोबर अंबड रोडनं सायकल, रविवारी सायकलीची धुणी-पुसणी. आबा रविवारी सहालाच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून मागच्या पायरीवर येऊन बसायचे. मी उठायचो आठला. इतर दिवशी बायकोला त्यांच्यामागं तीन-तीनदा लागावं लागायचं, "मामा, पाणी काढलं, आता तरी उठा." आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते. रविवारी म्हणावं लागत नव्हतं. रविवारी ते भाकरीही दीड खायचे.

सायकल धरता धरता ते मोंढ्याच्या गोष्टी सांगायचे. तीन-चारच होत्या, फिरून फिरून त्याच. सगळ्यात आवडती गोष्ट त्यांच्या जोडीदार मापाड्याची. तो काटा थांबवताना हात आभाळात दाखवायचा आणि खाली अनवाण्या पायाचा अंगठा हळूच वजनाच्या पारड्याच्या कडेवर ठेवायचा. शेतकऱ्याचं दर पोत्यामागं पसाभर धान्य फुकट जायचं.

"गिऱ्हाईक काट्याकडं बघतं," आबा सांगायचे. "पायाकडं कोण बघतंय. मी बघितलं. त्या दिसापासून मी त्याच्या हातचं पाणी पेलो न्हाई. काट्याला पाय लावणारा माणूस घरच्यालाबी फसवतो."

"हो आबा. जरा वर धरा. आणखी वर."

गियरचं काम केसाएवढं असतं. छोटा स्क्रू पाव फेरा इकडं की साखळी वरच्या चक्रीवर, पाव फेरा तिकडं की खाली. ते करताना सायकल हलून चालत नाही. आबांच्या हाताची थरथर सीटमधून उतरायची, फ्रेममधून यायची आणि माझ्या पेचकसाच्या टोकाशी येऊन पोचायची. एका रविवारी पेचकस घसरला आणि चक्रीचा दात माझ्या तर्जनीत गेला. फार नाही, तीन थेंब रक्त. पण मी ओरडलो, "आबा, थोडा वेळ तरी हात गप ठेवा ना."

ते म्हणाले, "ठेवूनच राह्यलो."

खरंच ठेवत होते. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. मी बोटाला चिंधी बांधली आणि काम अर्धवट टाकून आत गेलो. ते सायकल धरून तसेच उभे होते. बायकोनं बाहेर जाऊन ती त्यांच्या हातातून सोडवून घेतली.

आमच्या सायकलवाल्यांत एक शेटजी आहेत. मूळचे राजस्थानचे, पण चार पिढ्या जालन्यात, सळईचा व्यापार. माणूस रंगेल आणि जिभेचा तिखट. माझ्या बोटाची चिंधी बघून त्यांनी विचारलं आणि सगळं ऐकून मला त्यांच्या गोदामात घेऊन गेले. तिथं गुळगुळीत फरशीवर एक स्टँड उभा होता. चार पसरलेले पाय, मधे खांब, वर एक पंजा. त्या पंजात सायकलची सीटखालची नळी पकडली होती आणि सायकल माझ्या छातीएवढ्या उंचीवर हवेत. शेटजींनी एका बोटानं पायडल ढकललं. चाक फिरत राहिलं. बाकी काही हललं नाही.

"बघा साहेब," शेटजी म्हणाले. "हे चहा मागत न्हाई, लघवीला जात न्हाई, अन् मधेच जुन्या गोष्टी सांगत न्हाई."

मी खूप हसलो. नुसतं हसून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण विनोदाला विनोद जोडल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हणालो, "आमच्याकडचं मॉडेल जुनं आहे. व्हायब्रेशनवालं."

शेटजींनी टाळी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे अंबड रोडवर सगळ्यांना ते माहीत झालेलं होतं. "काय मंग, व्हायब्रेशनवाला स्टँड बरा आहे का?" असं कुणी विचारलं की मीच सगळ्यांत आधी हसायचो. आपल्या बापावर आपण हसलो की लोक आपल्याला मोकळ्या मनाचा म्हणतात.

तेव्हापासून मला तो स्टँड स्वप्नात दिसायला लागला असं म्हणत नाही, पण मोबाईलवर मात्र सारखा दिसत होता. चार पायांचा, घडीचा, भिंतीला ठोकायचा. लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायचं, पुन्हा वर जायचं, पुन्हा खाली यायचं. आमचं निम्मं गाव लोखंड वितळवतं, कुठल्याही वेल्डिंगवाल्यानं असला स्टँड दोन दिवसांत जोडून दिला असता. पण मला शेटजींसारखाच हवा होता, तोच, काळ्या पायांचा. बायको भाजी निवडता निवडता माझ्याकडं बघत होती.

"घेऊन टाका की एकदाचा," ती म्हणाली. मग पालक बाजूला ठेवून म्हणाली, "फक्त एक सांगा. रविवारी मामांनी काय करायचं?"

"आराम करायचा. या वयात कुणी सायकल उचलतं का?"

"ते रविवारसाठी शनिवारी रात्री धोतर काढून ठेवतात."

"मग काय, त्यांच्यासाठी मी गियर बिघडवून घेऊ? बोटं कापून घेऊ?"

"तसं न्हाई म्हटलं."

"मग कसं म्हटलं?"

तिनं पालक पुन्हा जवळ ओढला. आम्ही स्वयंपाकघरात होतो आणि आबा लगतच्या खोलीत. आमच्या घराच्या भिंती तशा फार जाड नाहीत.

संध्याकाळी जेवताना आबांनीच विषय काढला. "काय घेऊन राह्यला तू?"

"स्टँड. सायकल धरायला."

त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलतील. पण त्यांनी विचारलं, "वजन किती पेलतो?"

"पंचवीस-तीस किलो."

"जमिनीला बराबर बसतो का? डुगडुगत तर न्हाई?"

"न्हाई. शेटजींकडं बघितला मी."

"तू बघितला," आबा म्हणाले. "आमच्या काट्यांची दरसाली तपासणी व्हायची. साहेब यायचा, वजनं तपासायचा, शिक्का मारायचा. बिनशिक्क्याचा काटा कितीबी नवा असला तरी त्याला हात लावायचा न्हाई. तुझ्या शेटला म्हणावं रविवारी घेऊन ये इथं. त्याची तपासणी कर. अन् माझीबी कर. जो खरा निघंल तो ठेव."

मी त्यांना नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला ते सोयीचं वाटलं. निकाल त्यांच्याच तपासणीनं लागला की माझ्यावर काही येत नव्हतं.

रविवारी शेटजी गाडीच्या डिकीत स्टँड घालून आले. आबा पायरीवर बसलेले होतेच. धोतर पांढरंशुभ्र, डोक्यावर टोपी. टोपी ते लग्नकार्यालाच घालायचे. त्यांनी बायकोकडून दोरा मागून घेतला, त्याला एक नट बांधायला लावला आणि तो माझ्या सायकलच्या आडव्या दांडीला टांगायला सांगितलं.

"हा नट गप राह्यला तर पास," ते म्हणाले. "हलला तर नापास. दुसरं काही बोलायचं काम न्हाई."

शेटजी हसले. "आबा, सायकल आहे ती. सोनं तोलायचं न्हाई आपल्याला."

"मापाला सोनं अन् ज्वारी सारखीच."

पहिली पाळी आबांची. त्यांनी चपला काढल्या, सीट धरली, चाक उचललं. नट हलत होता, तो थांबायची आम्ही वाट बघू लागलो. तो थांबेना. उलट थोडा थांबत आला की पुन्हा झोका घ्यायचा. आबा खाली त्याच्याकडंच बघत होते. त्यांनी एकदा श्वास रोखून धरला, तेव्हा तो जवळजवळ थांबला होता. मग श्वास सोडावा लागला. कोपर त्यांनी पोटाशी आवळून धरलं, गुडघा फ्रेमला लावला. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला, पण तो पुसायला हात मोकळा नव्हता.

शेटजींनाही ते बघवेना. म्हणाले, "बराबर आहे आबा. एवढं तर चालतंच. सोडा आता."

आबा सोडेनात. ते माझ्याकडं बघत होते. निकाल मी द्यायचा होता.

इथं एक जुनी गोष्ट मधे आणावी लागेल. मी बावीस वर्षांचा असताना, पदवी झाली आणि नोकरी नाही, तेव्हा आबांनी मला मोंढ्यात नेलं होतं. आपल्यामागं मुलानं मापाडी व्हावं, ही त्यांची इच्छा. आडत्यांसमोर, हमालांसमोर, चाळीसेक माणसांच्या घोळक्यात त्यांनी काटा माझ्या हातात दिला. मी घाबरलो होतो. माझा हात थरथरला आणि काटा वेड्यासारखा झुलायला लागला. आबांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याच्या हातात काटा देऊ नका. हात हलतो ह्याचा." लोक हसले. त्यानंतर वर्षभर मोंढ्याच्या बाजूनं गेलो की कुणीतरी हाताची थरथर करून दाखवायचं. पुढं मी लिपिक झालो. लिपिकाचा हात हलला तर सही जरा वाकडी येते, तेवढंच. मी ते विसरलोय असं मलाही वाटत होतं.

अंगणात उभा राहून मी त्या हलणाऱ्या नटाकडं बघितलं आणि शेटजींना म्हणालो, "ह्यांच्या हातात काटा देऊ नका. हात हलतो ह्यांचा."

शेटजी फुस्सकन हसले. त्यांना तो आणखी एक विनोद वाटला. आबांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं एकदा येऊन गेलं. शब्दन् शब्द त्यांना आठवत होता. तीस वर्षं मी जपून ठेवलेला तो घास मी बरोबर वेळी त्यांच्या तोंडात घातला होता आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं. छातीतून काहीतरी मोकळं झाल्यासारखं. ते लपवत नाही.

आबांनी चाक सावकाश खाली टेकवलं. आवाजही होऊ दिला नाही. "नापास," ते म्हणाले. "आणा ते."

शेटजींनी स्टँड उघडून फरशीवर ठेवला. आम्ही दोघांनी सायकल उचलून पंजात अडकवली, मूठ आवळली. नट झुलत होता. आबा तपासायला पुढं आले, अगदी स्टँडला खेटून उभे राहिले आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागं बांधले, कुणाला शंका नको म्हणून. आम्ही तिघं नटाकडं बघत होतो. त्याचा झोका लहान झाला, आणखी लहान झाला, आणि तो थांबला. शेटजींनी पायडलला बोट लावलं. चाक फिरलं, नट जागचा हलला नाही.

"लाभ," आबा म्हणाले.

पुढं दोन म्हणाले नाहीत. मग मागं सरले, चपला पायात सरकवल्या, काठी घेतली आणि आत गेले. शेटजी चहा पिऊन, माझ्या पाठीवर थाप मारून आणि स्टँड डिकीत घालून गेले. मी त्याच दुपारी मागवून टाकला. बायकोला सांगितलं, "त्यांनीच पास केलाय. मी काही जबरदस्ती केली न्हाई." ती भांडी घासत होती. तिनं नळ जरा मोठा केला.

आठ-दहा दिवसांनी खोकं आलं. मधल्या रविवारी आबा पायरीवर आलेच नाहीत. अकरा वाजता बायकोनं त्यांना आंघोळीला उठवलं, तेव्हाही तिसऱ्या हाकेला. टोपी खुंटीवर परत गेली होती. भाकरी त्यांनी अर्धी टाकली आणि मी म्हणालो, "हवामान बदललंय."

पुढच्या रविवारी मी खोकं फोडलं. खांब जोडला, पाय पसरले, पंजा बसवला. मागच्या अंगणात त्याच जागी, त्याच फरशीवर उभा केला. सायकल अडकवली, हौसेनं नट टांगला, पायडलला बोट लावलं.

टक, टक, टक.

स्टँड डुगडुगत होता. चारातला एक पाय फरशीला टेकतच नव्हता, बोटभर वर राहात होता. मी तो फिरवून ठेवला, तर दुसरा पाय वर. सगळे स्क्रू पुन्हा आवळले. पुठ्ठ्याची घडी खाली सारली, ती दोन फेऱ्यांत निसटली. नट असा झुलत होता की आबांच्या हातात तरी बरा म्हणायचा. मी शेटजींना फोन लावला. त्यांचं म्हणणं पडलं, स्टँड तोच, कंपनी तीच, आमच्याकडं हलत न्हाई, तुमच्याकडंबी त्या दिवशी कुठं हलला, तुम्हीच काहीतरी उलटं जोडलं असंल. कुरडयांची गोष्ट त्यांना ठाऊक होती, ती त्यांनी यात जोडली.

मी खोलून पुन्हा जोडला. पुन्हा टक, टक.

शेवटी मी आत हाक मारली. "आबा, जरा येता का? हे डुगडुगून राह्यलंय. त्या दिवशी तर बराबर होतं."

आतून त्यांचा आवाज आला. "तपासणी झाली ना त्याची? मंग झालं."

"अहो, पण या फरशीवर हलतंय ते."

"फरशी पहिल्यापासून तशीच आहे," आबा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढला.

मी कंपनीला शिव्या दिल्या. एकाच स्टँडचे दोन नग, एक खरा, एक खोटा, असं कसं होतं म्हणून खोक्यावरचा कागद काढून वाचायला बसलो. मागच्या पायरीवर, जिथं आबा बसायचे तिथं, बायको मेथी निवडत होती. तिनं काड्या बाजूला केल्या, परात मांडीवरून उतरवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "शेटजींचा पण हलतच व्हता. मामांनी स्टँडच्या पायावर अंगठा ठेवला व्हता. मी इथूनच बघत व्हते. तुम्ही दोघं नटाकडं बघून राह्यल्ते."